कोरी बाजू

शुक्रवारी दुपारी तेमिरकुलचा फोन:
लॅपटॉप म्हणतो, पाठवलं.
प्रिंटर म्हणतो, मी त्या गावचाच नाही.
आणि बाहेर सहा जण मेंढ्या घेऊन उभे आहेत, चोलपोन,
तू ये.

नारीनहून अत-बाशीची व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाही.
माझ्या मांडीवर केबल,
शेजारणीच्या मांडीवर कोंबडा.
घाटात बर्फ उतरलंय का,
तिघंही खिडकीतून बघत होतो.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक शेगडी,
लशींचा फ्रिज, आणि फ्रिजवर
पांढऱ्याचा पिवळा झालेला प्रिंटर.
रविवारी जनावरांचा बाजार.
तेमिरकुलनं हातानं लिहून दिले असते दाखले,
वीस वर्षं दिलेच की.
पण फाटकावरच्या पोराला आता अक्षर नको,
ठिपक्यांचा चौकोन हवा,
त्याशिवाय मेंढीचं शेपूटही आत जात नाही.

"बंद करून चालू केलंस?"
"तीनदा."
"शिव्या?"
"त्याही. किरगीझमध्ये आणि रशियनमध्ये."

मी आधी प्लग बघते. लोक हसतात, हसू देत,
माझं निम्मं पोट प्लगवर भरतं.
प्लग ठीक होता.
केबल, जी मी बाळासारखी सांभाळत आणली,
तिचं तोंड याच्या तोंडात बसेना.
राहिलं वायफाय.

उन्हाळ्यात नवा राउटर बसवला होता कुणीतरी.
नवा कारभारी आला की करतो तसं
त्यानं सगळ्यांना नवे क्रमांक वाटले
आणि लॅपटॉपला कळवायचं राहून गेलं.
तो बिचारा अजून जुन्याच दारावर टकटक करतोय,
आत कुणी नाही,
आणि तो म्हणतोय, ऑफलाइन.

प्रिंटरचा खरा पत्ता त्याच्याच तोंडून वदवावा लागतो,
एक बटण पाच सेकंद दाबून धरायचं.
त्यात एक कागद गेला.
पाकिटात आठ होते, आता सात.
दुकान सोमवारी उघडणार.

बाहेर एक मेंढी खोकली.
"ती माझी नाही," असानाली घाईघाईनं म्हणाला.

मी जुन्या नावाखाली नवा पत्ता लिहिला.
नवं नाव जोडायला हवं होतं,
किंवा निदान आधी रांग बघायला.
हे मला आता कळतंय.
प्रिंटर घसा खाकरला,
दिवा पिवळ्याचा हिरवा झाला,
बाहेरच्यांनी टोप्या सावरल्या,
आणि पहिला कागद आला.

दाखला नव्हता.
दुसराही नव्हता. सातही तेच:
*विनंती अर्ज. बदली, बिश्केक.
कारण: पत्नी व मुलगी तिथे राहतात.*
तारीख दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरची.

कागद संपल्याचा दिवा लागला.

मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.
शेगडीत कोळसा फुटला.
तेमिरकुलनं कागद उचलले, मोजले,
जणू कुणाच्या तरी मेंढ्या.
"सातदा दाबलं होतं त्या रात्री," तो म्हणाला,
"मला वाटलं, हा नको म्हणतोय."

मी म्हणाले असते, नको वगैरे काही नसतं,
पत्ता चुकलेला असतो.
पण हे वाक्य मी गिऱ्हाइकांना रोज सांगते,
इथे ते तोंडातून निघेना.

कुणीतरी काच वाजवली.
अंधार पाच वाजताच पडतो या दिवसांत,
आणि कळप पायी न्यायचे.

त्यानं कागद मांडीवर आपटून सरळ केले,
कडेला कड लावली,
ट्रे ओढला, थांबला,
आणि प्रिंटरकडेच बघत मला विचारलं,
"कोरी बाजू वर ठेवायची की खाली?"

"खाली," मी म्हणाले.

सहा दाखले निघाले, पाठीवर ऊन ऊन.
निरीक्षक एकच बाजू वाचतो.
सातवा ट्रेमध्ये राहिला.
तो काढ, असं मी म्हटलं नाही,
त्यानं काढलाही नाही.