आधी आणि मग

चव्वेचाळीस साली भद्रकालीतल्या छापखान्यात
मी खिळे जुळवायचो.
‘वाटाघाटी’ हा शब्द टकले फोरमन सोडू देत नसत.
“राहू दे बांधलेला, मंगळवारी पुन्हा लागेल.”
सुतळीनं आवळून तो गॅलीच्या कोपऱ्यात पडून असे
आणि चुंगकिंगची तार आली की
मी फक्त पुढचं बदलायचो:
सुरू. लांबल्या. पुन्हा सुरू. फिसकटल्या.
नवं शिसं मिळत नव्हतं.
ट एवढा झिजला
की शाई भरून ढ वाचला जायचा.

त्याच थंडीत माझी दाढ ठणकली.
मेन रोडला हू आणि थान, चिनी दंतवैद्य,
पाटी एक, चिमट्यांची पेटी एक,
खुर्ची एक, देवळालीच्या लिलावातली,
पायानं वरखाली होणारी.
गावही एकच. जपान्यांनी जाळलेलं.
तसबिरी मात्र दोन, समोरासमोरच्या भिंतींवर,
आणि मधे आ वासून मी.

थाननं विचारलं, आज काय छापलं?
तोंडात बोळा होता.
“फिफकतल्या,” म्हणालो.

चिमटा हवेतच थांबला.
हू म्हणे, आधी फौजा आमच्या हाताखाली द्या,
मग बसा की सरकारात.
थान म्हणे, आधी सरकारात बसवा,
मग फौजा कुठं पळून जातात?
एवढं मराठीत, माझ्यासाठी.
पुढचं त्यांच्या भाषेत, बराच वेळ,
पण ‘आधी’ आणि ‘मग’
मला बोटांवरूनच ओळखू येत होते.
तिकडे म्हणे कुणी परका साहेब मधे पडला होता,
विमानानं ये-जा करणारा.
इथं मधे मीच,
मान मागे, लाळ गळतेय,
हो म्हणावं तर एकाचं, नाही म्हणावं तर दुसऱ्याचं,
आणि दोन्ही म्हणता येत नाही.

दाढ काढली नाही कुणीच.
लवंगेचं तेल लावलं, पैसे घेतले नाहीत,
दोघांनीही.
व्हिक्टोरिया पुलावरून परतताना
गोदेवरचा वारा नेमका त्याच बाजूनं लागत होता.

होळीनंतर थान मनमाडला गेला, पेटी घेऊन.
खुर्ची हूकडे राहिली.
तो गिऱ्हाइकाला बसवी, वर उचली,
आणि पाना-पकड शोधत राही.

जपान पडल्यावर टकले म्हणाले, सोड आता तो शब्द.
सुतळी कापली. एकेक अक्षर खणात टाकलं.
घ दुसऱ्याच दिवशी
सिन्नरच्या कुणा घमंडीरामाच्या लग्नपत्रिकेत गेला.
दोन्ही ट मात्र वेगळे ठेवले, काडेपेटीत.
म्हटलं, लागतील.