उद्या करतो

आमच्या कोल्हापुरात पोरीही 'करतो' म्हणतात.
मी जातो, मी जेवतो,
आणि सगळ्यात जास्त: उद्या करतो.
रूममेट मृण्मयी पुण्याची. ती हसते,
'करते म्हण गं.'
बरं, म्हणतो मी, उद्यापासून म्हणतो.

अकरा प्रॅक्टिकल, चार असाइनमेंट,
ड्रॉइंगच्या सहा शीट, त्यातल्या दोन नुसत्या बॉर्डरच्या.
शुक्रवारी सबमिशन.
आज बुधवार, तोही रात्री साडेअकराचा.

दिवसभरात मी टेबल पुसलं,
सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली,
तीन रंगांत टाइमटेबल आखलं
(सुरुवात गुरुवारपासून),
आईला आपणहून फोन केला, ती घाबरली.
मग गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्यालो,
अभ्यासाला ताकद लागते म्हणून.
म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.
तिचं काम वेळेवर झालं होतं.

उन्हाळ्यात महिनाभर उद्यमनगरात
मुजावर मिस्त्रींच्या लेथवर शिकायला जायचो.
पहिल्याच दिवशी घाईनं
पाच एमएमचा कट मारला.
टूलचं टोक उडून त्यांच्या चहात.
ते ओरडले नाहीत. कपातून टोक काढलं,
फडक्याला पुसलं, म्हणाले,
'लोखंड कुणाला भीत न्हाई, पोरी.
अर्धा एमएम घे. परत अर्धा.
अख्ख्या दांड्याकडं बघू नगो,
छिलका निघतोय का तेवढं बघ.'
आणि नवा चहा माझ्या पैशानं मागवला.

बारा वाजले.
टाइमटेबल उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.
तिथं कच्चं लिहायला घेतलं:
प्रयोग पहिला. धातूचा कठीणपणा मोजणे.
एक ओळ. अक्षर वाईट.
दुसरी ओळ त्याहून वाईट.
पण निघाली.

तीन वाजता तीन प्रॅक्टिकल फाइलमध्ये.
आठ तिथंच, शीटही तिथंच,
शुक्रवार तसूभर हललेला नाही.
खाली कुणीतरी बुलेट चालू करतंय, होत नाही,
परत किक मारतंय.

मृण्मयी कूस वळवते,
'झोप आता. उद्या कर.'

इतके महिने ती माझ्या क्रियापदात चूक शोधत होती.
चूक त्याच्या आधीच्या शब्दात होती.

'करतो,' म्हणतो मी.
पेन संपलंय.
तिच्या कंपासमधलं घेतो.