केअर ऑफ

बाबा जगात कुठेही असोत,
पत्ता एकच:
नाव, नंबर, जहाज,
केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई.
आई निळ्या इनलँडवर लिहायची,
कडा मी चाटून चिकटवायचे,
मग दिवसभर तोंडाला डिंकाची चव.

पण मुंबई म्हणजे इथेच की.
आम्हीही मुंबईतच, नेव्हीनगर, दुसरा मजला,
खाली पम्मी ग्रेवालची एका ब्रेकची सायकल,
वारा फिरला की ससून डॉक थेट वरणात.
मग बाबा जेवायला घरी का येत नाहीत?

हे मी कुणाला विचारलं नाही.
सेलिंगवर गेलेल्या माणसाचं विचारायचं नसतं,
आम्हा क्वार्टर्समधल्या पोरांना ते
कुणी न शिकवताच यायचं.
गेले कधी, ते माहीत.
येणार कधी, ते
आई कँटीनमधून साखर किती आणते
त्यावरून ओळखायचं.

तिसरीत होते. मार्चमधला शनिवार, अर्धी शाळा.
त्या पत्रात माझ्या पडलेल्या दाताची बातमी होती.
दातही पाठवायचा होता,
पण आत काही घालू नये असं
इनलँडवरच छापलेलं असतं,
म्हणून कापसात गुंडाळून तो खिशात घेतला
आणि तीन नंबरच्या बसमध्ये चढले.

कंडक्टर म्हणाला, बरोबर कोण आहे?
म्हटलं, बाबा पुढे आहेत.
अफगाण चर्च गेलं, कुलाबा मार्केट गेलं,
मला ते खोटं वाटलंच नाही.

लायन गेटापाशी विचारत विचारत पोचले.
पहारेकऱ्याने पत्र उलटसुलट करून पाहिलं,
मग मला पाहिलं, मग रस्त्यावर
माझ्यामागे कुणी आहे का ते.
"बेटा, यहाँ सिर्फ चिट्ठी रहती है.
आदमी नहीं."

पाणी दिलं. कुठे कुठे फोन लावले.
थारकन अंकल स्कूटरवरून न्यायला येईपर्यंत
त्याच्या स्टुलावर मी बसले होते, तो उभा.
पत्र घेतलं त्याने. दात घेतला नाही.
म्हणाला, हा बापाच्या हातात दे.

बाबा आले तेव्हा पावसाळा सरत होता
आणि नवा दात अर्धा वर आला होता.
दारात काळी ट्रंक, डिझेलचा वास,
आणि एक माणूस, फोटोपेक्षा बुटका.
मी म्हटलं, "या ना, बसा."
आई ओट्याकडे वळली.
बाबा बसले. खरंच बसले, पाहुण्यासारखे,
खुर्चीच्या कडेवर, टोपी मांडीवर घेऊन.

दात द्यायचा राहिला.
विशाखापट्टणमला गेला तो कंपासपेटीतून,
तिथून कोचीला, पुन्हा इथे,
मधल्या कुठल्या बदलीत हरवला
ते मी ट्रंकेच्या तळाशी शोधून झालंय.

परवा बाबांना भांडुपच्या डेंटिस्टकडे नेलं.
एकोणऐंशी वर्षं. आई गेल्यापासून माझ्याकडे असतात,
पहाटे साडेपाचला उठून अंथरुणाची घडी
चारी कोपरे जुळवून घालतात.
रिसेप्शनवरच्या मुलीने फॉर्म दिला.
नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्यात
हाताच्या सवयीने नंबर लिहिला, नौदलाचा,
मग पेन थांबलं.
मी सांगणार होते बिल्डिंगचं नाव.
त्यांनी लिहिलं: केअर ऑफ,
आणि पुढे माझं नाव,
इतक्या सुवाच्य अक्षरात की
मुलीने काही विचारलंच नाही.

परतताना रिक्षात बोलता येत नव्हतं त्यांना.
सोनापूरच्या सिग्नलला मूठ उघडली,
कापूस, त्यात दाढ.
कुठे टाकू, असं भुवईनेच विचारलं.

टाकू नका, म्हटलं.
द्या इकडे.