डब्यात आलेलं

मे लागला की नाग नदीतला गाळ उपसतात.
आमचे हे पोकलेनवर. संध्याकाळी डबा घरी येतो
तो नेलेल्या भाजीपेक्षा जड.
आज निघाले : दोन जुने रुपये, एक जोडवं,
चमच्याची मान, आणि काहीतरी काळं, वाकडं,
गोल म्हणावं तर गोल नाही.

"इतवारीत न्यायच्या आधी घरीच पाहू.
तिथं डोळे पाहून भाव सांगतेत."

पोरानं जळक्या स्पीकरचं चुंबक काढलं.
राजाच्या मुंडक्याचा रुपया
टणकन जाऊन चिकटला, लाज नाही काही.
दुसरा फरशीवर टाकला : बद्द.
ह्यांचा चेहराही तसाच वाजला.

मग बर्फ. चांदीवर म्हणे बर्फ पळत वितळतो.
पण शेहेचाळीस डिग्रीत, कूलर कोरडा पडलेला,
पाचपावलीत बर्फ कशावर वितळत नाही?
चमच्यावर वितळला, जोडव्यावर वितळला,
नुसत्या फरशीवरही.
फरशी चांदीची असती
तर घरमालकानं आम्हाला तिच्यावर झोपू दिलं असतं?

जोडवं छान पांढरं होतं.
मी मनातून त्याच्याच बाजूची.
कानशीचा एक ओरखडा,
आतून पितळ हसलं.

निजानीज झाली. बर्फाचं पाणी पुसता पुसता
ते वाकडं हाताला लागलं.
त्याला कोणी विचारलंच नव्हतं.
चिंचेच्या चोथ्यानं उगीच घासत बसले,
ओट्यावरून निसटलं
आणि वाजलं.
वाजत राहिलं. खाटेवर हे उठून बसले.

तान्ह्या बाळाचा वाळा.
काठावर चार बारीक खोचा, जवळजवळ.
मी नखानं मोजल्या, मग जिभेनं
स्वतःचे पुढचे दात.
गिलटाला अशी खूण पडत नाही,
चांदी मऊ, तिला दुधाचा दातही लागतो.

ह्यांनी कानस उचलली,
उजेडात वाळा फिरवला,
कानस परत डब्यात टाकली.

"वाळे जोडीनं असतात," मी म्हटलं. "दुसरा?"
"मशीन समोर गेली," ते म्हणाले.
"उद्या मोक्षधामच्या पुलाखाली."

मी बर्फाचा ट्रे भरून ठेवला.