दोन फ्रेम उशिरा

पुण्याहून तिसऱ्यांदा तेच आलं:
'ट्रक पळत नाही, घसरतोय. वजन दिसू दे.'
आठ सेकंदांचा शॉट. रिकामा रस्ता, लाल ट्रक,
आधी उभा, मग चालता, मग वेगात.
मी वेगाची रेघ सरळ ओढलेली,
शून्यापासून साठपर्यंत, पट्टीनं आखल्यासारखी,
आणि ट्रक निघालेला
ओल्या फरशीवर साबणाची वडी निघावी तसा.

उद्यमबागेत आमची खोली फौंड्रीच्या डोक्यावर.
खाली हातोडा पडला की माझा मॉनिटर थरथरतो.
वजन म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे.

कल्लाप्पा हुंदरे खाली गेटवर बसतात.
त्याआधी एकतीस वर्षं कास्टिंग घेऊन पुणे, हुबळी, पुणे.
वंटमुरीच्या घाटात किती क्लच जाळले
हा हिशेब त्यांनी बायकोलासुद्धा दिलेला नाही.
त्यांना वर बोलावलं. चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी दोनदा पाहिलं.
'ड्रायव्हर कुठाय ह्यात?'
दिसत नाही, म्हटलं, काच काळी आहे.
'तरीच. गाडीला कुणी सांगितलंच न्हाई, निघायचं हाय म्हणून.'

मग चहाचा ग्लास टेबलावर ठेवून
एका बोटानं पुढं सारला.
चहा मागच्या काठावर चढला,
थोडा सांडला कीबोर्डजवळ.
'बघ की. ग्लास गेला. चहा अजून हितंच हाय.'

संध्याकाळी टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला जाऊन उभी राहिले.
मालगाडी गेली, तिचे डबे मोजायचे राहून गेले.
फाटक उठलं
आणि आधी नुसता आवाज.
कुणीच हललं नव्हतं, फक्त आवाज, आणि धूर.
मग विटांच्या ट्रकची मागची बाजू खाली बसली, नाक वर झालं
(म्हैस आधी मागून उठते, ट्रक पुढून)
तेव्हा कुठं चाक वीतभर फिरलं.
पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधे एक ढिली जागा,
नाक पुन्हा खाली,
ताडपत्रीची दोरी पुढं आली, मागं गेली.
त्याच्यामागं सिटी बस. दांडीला धरलेले सगळे
एकदम मागं कलले.
कंडक्टर तेवढा सरळ,
'मुंदं होगरी, पुढं सरका' एका श्वासात,
त्याचं अंग आधीच पुढच्या फ्रेममध्ये.

रात्री रेघ मोडली. गिअर पडतो तिथं तिला गुडघे दिले.
मागचे पाटे चार सेंटिमीटर दाबले. केबिन उचलली.
हौदा दोन फ्रेम उशिरा,
दोरी त्याच्याही नंतर.

ते दोन फ्रेम पुढंमागं करताना आठवलं,
दादा बेंगळुरूला गेला त्या रात्री
स्टँडवरून बस हलली आणि खिडकीतला त्याचा चेहरा
क्षणभर मागं आला, माझ्याकडे.
मला वाटलं, उतरतोय.
दोन पावलं पळालेसुद्धा.
जडत्व होतं ते. आठवीच्या पुस्तकात होतं,
व्याख्येला दोन मार्क.

सकाळी कल्लाप्पांना पुन्हा वर बोलावलं.
ट्रक निघाला. ते खुर्चीत किंचित मागं रेलले,
त्यांचं त्यांना कळलं नाही.
'आता हाय कोणतरी आत.'
मग थांबून, 'लोड काय हाय?'
काही नाही, म्हटलं. रिकामाच आहे.
'मग एवढा बसंल कशाला?'

ते खाली गेल्यावर मी ताडपत्रीखाली
कास्टिंग भरलं, पंपांची, एकावर एक, कोपऱ्यापर्यंत.
पुण्यात ते कुणालाही दिसणार नाही.
फाइल तेवढी जड झाली.