मिनिटाला तीन मिलिमीटर

आधी जांभया येतात.
हर्णैच्या बंदरात लिलाव ऐन रंगात,
मी वहीत पापलेटांचे भाव मांडतेय
आणि एकामागून एक सात-आठ जांभया.
लतीफ तांडेल होडीवरूनच ओरडतो,
"मंजुळे, आज तुझं डोकं उठणार. घरी जा."
त्याला डोपामिन ठाऊक नाही,
वारा फिरायच्या आधीचा वारा ठाऊक आहे.

मग १८०० मधले १८ जातात.
दोन शून्यं उरतात, ओली.
समोर सुवर्णदुर्गाचा डावा बुरूज नाही,
त्या जागी करवतीच्या दातांची एक रेघ
बांगड्याच्या पाठीसारखी चमचमते
आणि रुंद होत जाते.

दापोलीच्या मुकादम डॉक्टरीणबाईंनी
औषधाच्या चिठ्ठीमागे पेनानं काढून दाखवलं होतं :
मेंदूच्या मागच्या अंगानं एक लाट निघते,
मिनिटाला तीन मिलिमीटर.
म्हटलं, एवढीच? कुर्लीसुद्धा भराभर चालते.
त्या म्हणाल्या, म्हणून तर तुम्ही घरी पोचता.

तेव्हापासून मी रस्ता असाच मोजते.
बर्फाच्या कारखान्यापर्यंत पंधरा मिलिमीटर.
सुकटीच्या वाळवणापाशी तीस
(इथे नाक मिटून, पदर दाताखाली).
पाजपंढरीच्या चढावर साठ,
आणि कुलपात किल्ली जाईना.

पुढचं चिठ्ठीवर मावलं नव्हतं.
सेरोटोनिन ओसरतं,
गालाकपाळाची शीर कसलंसं रसायन सोडते,
सीजीआरपी, बोटीच्या नंबरासारखं नाव,
आणि रक्तवाहिन्या टम्म फुगतात.
मेंदूला स्वतःला काही दुखत नाही म्हणे.
दुखतं त्याच्या वेष्टणाला.
आत तो कोरडाच.

सासू दाराआडून म्हणते,
सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खा,
अर्धशिशी पळते.
कधी म्हणते, नाटकं.
कधी काहीच न बोलता
खिडकीला गोधडी लावून जाते,
आणि मासळी मागच्या पडवीत साफ करते,
सुरी अगदी हळू टेकवत.

मी अंधारात.
उजव्या डोळ्यामागे कुणीतरी
इंजिन चालू ठेवून निघून गेलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी
डोकं धुतलेल्या टोपलीसारखं, हलकं, जरा ओलं.
वहीत नावापुढे जागा रिकामी.
लतीफ टायरवर बसून विडी पेटवतो.
"अठराशे," म्हणतो, "मग पावणेदोन हजाराला बावीस किलो,
मग हलवा पडला. लिही.
मी लक्षात ठेवलंय."