कचरापेटी दाराजवळ

सावद्याच्या केळी-संघात कॉम्प्युटर आला तेव्हा
टिकाराम फेगडे तिथे छत्तीस वर्षं जुने होते,
मी बावीस दिवसांची.
म्हटलं, भाऊ, ही पिवळी चित्रं म्हणजे फायली.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"फायल लाल फडक्यात असते, पोरी. पिवळं तर केळ."

माऊस धरला तो पिकत घातलेलं केळ धरावं तसा,
डाग पडू नये म्हणून.
आणि चित्रं जागची हलतात हे कळल्यावर
तासभर माझ्याशी बोलले नाहीत.

हिशेब उजवीकडे, कारण तिजोरी उगवतीला.
वॅगनच्या नोंदी त्याच्याखाली, खिडकीतून
मालधक्का दिसायचा तिथे.
मयत सभासद वर, अगदी कोपऱ्यात,
माळ्यावर होते तसेच.
कचरापेटी खाली, दाराजवळ.
"कमल झाडायले येते, तिले तिथूनच उचलता येते."
कमल इथे येणार नाही, हे मी काही सांगितलं नाही.

वर श्री लिहिलेलं मात्र त्या पेटीत पडू देत नसत.
जुनी कीर्द, निमंत्रण, साधी पोचसुद्धा.
त्यासाठी वेगळं पिवळं घर काढून घेतलं,
नाव दिलं: तापी.
तिथे शिरवायचं सगळं.
ती भरली तर काय करायचं, हे
त्यांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.

एकदा बोट ठेवून म्हणाले, "याले हा बाण काहून?"
म्हटलं, ही वस्तू नाही, वस्तूची वाट.
पुसली तरी वस्तू आत राहते.
"म्हंजे दारावरची पाटी,"
एवढंच म्हणाले, आणि डबा उघडला.

ते निवृत्त झाले त्या सोमवारी पाटी निघाली.
बुधवारी जळगावहून दुरुस्तीवाला आला,
एक बटण दाबलं,
आणि सगळी चित्रं डाव्या भिंतीला
प्रार्थनेच्या पोरांसारखी अक्षरवार उभी राहिली.
ताडपत्री आणि तारण यांच्या मधे
तापी.
"आता कसं साफ दिसतंय," तो म्हणाला,
चहा न घेता गेला.

संघ आता नव्या इमारतीत आहे.
तिजोरी कुठल्या दिशेला, मला विचाराल तर
उठून बघावं लागेल.
पण काही टाकायचं झालं की
हात अजून आधी खाली जातो, दाराशी,
आणि रिकाम्या निळ्यावर
टक् वाजतं.